उजव्या चाकाची चौकशी

जिंतूरहून परभणीला येत होतो. बोरी मागे पडली आणि रस्त्यात अचानक वासरू आलं. ब्रेकवर पूर्ण पाय दिला. वासरू वाचलं, आम्हीही वाचलो. पण गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड रस्त्याच्या रेषेत नव्हतं. ते डावीकडे फिरलं होतं, साईडपट्टीच्या खाली पावसाच्या पाण्याने खोल झालेल्या चारीकडे. शेवटच्या क्षणी मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं होतं, गाडीने ते ऐकलंच नाही. शेजारी बसलेल्या पत्नीने दार उघडून आधी चारीची खोली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी उतरून मागे चालत गेलो. डांबरावर एकच काळा पट्टा होता, पुढच्या डाव्या चाकाचा. उजव्या चाकाने साधी खूणही ठेवली नव्हती.

पुढचे दोन दिवस ज्याला ज्याला हे सांगितलं, त्या प्रत्येकाचं निदान एकच: डावं चाक जाम होतंय, डावा ब्रेक खोला, जरा ढिला करून घ्या. मलाही ते पटलं होतं. पट्टा डाव्याचा, गाडी वळली डावीकडे, मग दोष आणखी कुणाचा असणार?

तिसऱ्या दिवशी गाडी चाचांकडे नेली. त्यांचं गॅरेज जिंतूर रोडला. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी पाना धरलाय; हात बसला तो ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीवर. सोबत माझा भाचा होता. तो चाकणला ब्रेकच्या चाचणीचं काम करतो आणि दिवाळीला परभणीत आला होता. गाडी २०११ सालची, छोटी, एबीएस नसलेली. त्या दिवशी सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत त्या दोघांचा जो वाद झाला, तो मी ऐकत बसलो. ब्रेक ही माझी रोजची गोष्ट, आणि तिच्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं, हे त्या दिवशी कळलं.

चाचांनी बॉनेट उघडलं नाही, जॅकही मागितला नाही. ते म्हणाले, "गुरुजी, आधी जागा सांगा. चाक जाम झालं तव्हा ते कशावर होतं?"

"रस्त्यावरच होतं. जरा कडेला असेल."

"कडेला म्हंजे शेतातून ट्रॅक्टर वर चढतात तिथं?"

मला आठवेना. भाचा मध्येच म्हणाला, "चाचा, रस्त्याचं नंतर बघू ना. गाडी तर तपासू."

"बेटा, गाडी कुठं पळून चालली? आपल्याकडची माती तुला म्हाईत हाय. परतीचा पाऊस पडला की ट्रॅक्टरच्या चाकाला ढेकळं चिकटून डांबरावर येतात. दोन दिवसांनी वाळतात, गाड्यांखाली भुगा होतो. त्या भुग्यावर नुसतं दव पडलं तरी साबण. आणि आपण चालतो डाव्या हातानं, म्हून कडेची माती कायम डाव्या चाकाखाली. डावं लॉक होतंय म्हून आलेल्या कितीक गाड्या मी पाना न लावता परत पाठवल्या. कोरड्या, साफ डांबरावर तीनदा करून बगा आणि मग या, म्हणलं."

"आणि त्यातली एखादी परत आली नाही, तर ती ठीक होती की चारीत गेली हे तुम्हाला कसं कळणार?"

चाचा गप्प झाले. प्रश्न कडक होता, पण भाच्याचा सूर उद्धट नव्हता. तो माझ्याकडे वळला. "मामा, नुसता हलका ब्रेक दिला, म्हणजे सिग्नलला थांबताना, तेव्हा गाडी ओढते का कुणीकडे?"

ओढत होती. तीन-चार महिन्यांपासून, थोडीशी, डावीकडे. मी ते अलाइनमेंटवर ढकललं होतं.

"ब्रेक सोडल्यावर?"

"सरळ चालते."

"मग अलाइनमेंट नाही. अलाइनमेंट बिघडली तर गाडी सारखीच ओढते, ब्रेक असो वा नसो. आणि चाचा, रस्त्याची मातीही नाही. हलक्या ब्रेकला टायरची पकड संपत नसते. पकड शिल्लक असतानाच जर डावीकडे ओढ आहे, तर फरक गाडीतच आहे."

"हाव," चाचा म्हणाले. "हे बरोबर बोललास." आणि जॅक मागवला. पण जॅक लावला डाव्या बाजूला, आणि खरा वाद तिथे सुरू झाला.

"चाचा, उजवं खोला."

"काहून? पट्टा डाव्याचा हाय."

"डाव्याने पट्टा ठेवला म्हणजे त्याने काम केलं. ज्याने काहीच ठेवलं नाही, त्याला आधी विचारा ना, तू काय करत होतास."

माझ्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला असावा, कारण भाचा मला समजावायला लागला. फिरणारं चाक रस्ता धरून ठेवतं. ब्रेक वाढवत नेला की टायर थोडं घसरत, थोडं फिरत असतं आणि त्या अवस्थेत, साधारण १० ते २० टक्के घसरण असताना, त्याची पकड सगळ्यात जास्त असते. त्यापुढे ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा वरचढ झाला की चाक फिरायचं थांबतं. मग ते नुसतं रबराचं घासणं होतं. पकड कमी होते आणि मुख्य म्हणजे चाक कुठेही वळवलं तरी गाडी वळत नाही. माझं स्टिअरिंग गाडीने ऐकलं नाही त्याचं कारण हेच. म्हणजे एक चाक लवकर लॉक होतं तेव्हा शक्यता तीन: त्याचा ब्रेक गरजेपेक्षा जोरात धरतो, किंवा त्याच्या टायरची पकड कमी आहे, किंवा शेजारच्या चाकाने काम टाकलंय आणि गाडी थांबेना म्हणून चालकाने पेडल आणखी दाबलंय. "तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा असते, आणि पट्टा बघून तीच कुणाच्या मनात येत नाही," तो म्हणाला.

चाचांनी तेच त्यांच्या पद्धतीने सांगितलं. "गुरुजी, बैलगाडी हाकली का कधी? दोन्ही कासरे सारखे ओढले की गाडी थांबते. एकच ओढला की त्या अंगाला वळते. हा पोरगा म्हणतोय, तुमचा उजवा कासरा तुटलाय. मी म्हणतोय, डावा कुणी जास्त ओढलाय."

चाचा डाव्यावर का अडून बसले होते, ते नंतर कळलं, आणि त्यात हट्ट नव्हता. ॲम्बॅसेडर, पद्मिनी या गाड्यांना पुढेही ड्रम ब्रेक होते. ड्रमच्या आत चाकाच्या फिरण्याच्या दिशेने जो शू असतो, तो एकदा ड्रमला टेकला की ड्रमच त्याला स्वतःकडे ओढून घेतो. आपण दाबलं थोडं, धरलं जास्त. त्यामुळे एका बाजूचं लायनर जरा वेगळं असलं, ॲडजस्टर एका खाचेने घट्ट असला किंवा लायनरला किंचित ओल लागली, तर तो छोटा फरक कितीतरी मोठा होऊन बाहेर येई. त्या गाड्यांमध्ये एक ब्रेक खरोखर वाजवीपेक्षा कडक होत असे आणि तो ढिला करणं हाच इलाज असे. चाचांची अर्धी हयात त्यात गेली. त्यांच्या बोटांना ॲडजस्टरच्या खाचा अजून पाठ आहेत.

"पण डिस्कला तो गुण नाही," भाचा म्हणाला. "डिस्क पॅडला ओढून घेत नाही. जेवढा दाब, तेवढीच पकड. म्हणून डिस्कचा ब्रेक आपोआप जास्त ताकदवान होणं अवघड. दोन बाजूंना दोन वेगळ्या जातीचे पॅड कुणी बसवले तर होईल. पण कमजोर व्हायला कारणं किती! पिस्टन अडकला, पिन अडकली, पॅडला ग्रीस लागलं, पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले, पाइप आतून फुगला."

डिस्क ब्रेकचं पेटंट फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज माणसाने १९०२ साली घेतलं. पण ती गोष्ट जगाला पटली १९५३ साली, डिस्क लावलेल्या जॅग्वारने फ्रान्समधली ल मां इथली चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. दिवसभर पुन्हापुन्हा ब्रेक मारूनही दोन्ही बाजूंची पकड सारखी राहते, हा डिस्कचा मोठा फायदा त्या शर्यतीत दिसला. आपल्या जिल्ह्यातल्या गॅरेजपर्यंत तो यायला मात्र पुढची तीसेक वर्षं गेली, आणि आला तरी मिस्त्रीच्या हाताची सवय ड्रमचीच राहिली. यात चाचांना मी दोष देणार नाही. त्यांना ही गोष्ट समोर बसून कुणी सांगितलीच नव्हती.

मात्र पुढच्याच पावलावर भाचा चुकला. त्याने आडव्या जोडणीचा विषय काढला. अशा छोट्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये मास्टर सिलिंडरमधून दोन वेगळे मार्ग निघतात: एक पुढच्या डाव्याला आणि मागच्या उजव्याला, दुसरा पुढच्या उजव्याला आणि मागच्या डाव्याला. एक फुटला तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक धरतं. "म्हणजे एका मार्गात हवा असली किंवा मास्टर सिलिंडरचं एक सील गेलं, तरी पुढची दोन चाकं सारखी धरणार नाहीत," तो म्हणाला. "आधी चारही चाकांची हवा काढू. ब्रेक ऑईलही नवं भरू."

"थांब," चाचा म्हणाले. ते आत बसले, इंजिन बंद ठेवून तीन-चारदा ब्रेक दाबला, मग पाय दाबूनच ठेवला. अर्धा मिनिट. "ये, तू बस. पाय देऊन बग. पेडल स्पंजासारखं लागतंय का?"

"नाही."

"हळूहळू खाली चाललंय का?"

"नाही. घट्ट आहे."

"मग हवा कुठून काढायलास? हवा असती तर पेडल मऊ लागलं असतं. सील गेलं असतं तर पाय खाली गेला असता. गुरुजींचे पैसे आणि माझा वेळ काहून घालवायचा?"

भाच्याने मान डोलावली. त्या अर्ध्या मिनिटाने तासाभराचं काम वाचवलं. यंत्रं आणि तक्ते नसलेल्या माणसाने इतकी वर्षं ब्रेक कसे दुरुस्त केले, त्याचं उत्तर त्या पायाच्या तळव्यात होतं.

मग चाचा वाकले टायरकडे. हवा मोजली, दोन्हीकडे सारखी होती. टायरच्या बाजूला कोरलेल्या खुणांतले शेवटचे चार आकडे त्यांनी बोटाने पुसून वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. डावं टायर २०१६चं निघालं, उजवं २०२१चं. मध्ये एकदा खिळ्याने उजवं टायर फाटलं होतं, तेव्हा एकच नवीन घेतलं होतं. मी ते विसरून गेलो होतो. नक्षी दोन्हींची बरी होती. पण डाव्याच्या रबरात नख रुतत नव्हतं. आमच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ला टेकतो, गाडी अंगणात उभी असते, रबर वाळतं.

"झालं," चाचा म्हणाले, "टायर कडक, पकड कमी, डावं आधी लॉक."

"झालं नाही," भाचा म्हणाला, "टायरने लॉक समजतं, हलक्या ब्रेकची ओढ समजत नाही. पण तुमचं म्हणणं तपासता येईल. टायर बदलून बघू."

दोघांनी मिळून पुढची दोन चाकं अदलाबदल केली आणि आम्ही पाथरीच्या बाजूला गेलो, शहराबाहेर, जिथे डांबर कोरडं होतं आणि मागेपुढे कुणी नव्हतं. ताशी ३० किलोमीटर, त्याहून जास्त नाही. स्टिअरिंगवर हात हलका, पण हाताबाहेर नाही. भाचा चालवत होता, चाचा रस्त्यावर उभे राहून चाकांकडे बघत होते. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे रस्त्याचा उतार एका बाजूला असला तर तोही कळावा.

अजूनही डावंच लॉक झालं. पण आता पट्टा आखूड होता.

इथे मला ब्रेकच्या निदानातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली असं मी म्हणेन. टायर बदलल्यावर दोष उजवीकडे गेला असता, तर तो टायरचा होता. अजिबात फरक पडला नसता, तर टायर निर्दोष होतं. पण पट्टा डावीकडेच राहिला आणि कमी झाला, म्हणजे कारणं दोन होती आणि दोन्ही डावं चाकच आधी लॉक करत होती. पहिलं कारण सापडलं की शोध थांबवायचा ही आपली सवय आहे. चाचा टायरवर थांबले असते तर मी नवीन टायर टाकून घरी गेलो असतो, पट्टा थोडा आखूड झाला असता आणि मी समाधान मानलं असतं.

परतीच्या वाटेवर भाच्याने ४०च्या वेगावरून सहा वेळा ओळीने ब्रेक मारले आणि गॅरेजच्या दारात येताच खाली उतरून तापमान बघायचं पिस्तुलासारखं यंत्र काढलं. चाचांनी त्याआधीच रिमच्या भोकांजवळ उलटा हात नेला होता, न टेकवता. "डावं तापलंय. उजवं गार."

यंत्रही तेच म्हणालं.

"हे लक्षात ठेव मामा," भाचा म्हणाला. "ब्रेक न मारता दोन-चार किलोमीटर चालवून एखादं चाक तापलं, तर ते सुटत नाहीये. आणि ब्रेक मारमारूनही एखादं गार राहिलं, तर ते धरत नाहीये. दोन्ही वेळा हातच लावायचा असतो, पण प्रश्न उलटे."

चाचा रिमच्या भोकातून आत डोकावत होते. त्यांनी मला बोलावलं. उजव्या डिस्कच्या बाहेरच्या अंगावर तांबूस गंजाचे पट्टे होते. डाव्याचं बाहेरचं अंग आरशासारखं लख्ख. सकाळपासून, चाकं अदलाबदल करतानाही, उजव्या डिस्ककडे कुणी नीट बघितलंच नव्हतं. गंज तिथे होता, चाक न काढताही दिसत होता.

उजवं चाक काढल्यावर बाकीचं दहा मिनिटांत उलगडलं. या गाड्यांच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकत येऊन बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना सरकल्या नाहीत तर बाहेरचा पॅड नुसता शेजारी उभा राहतो. आमचा आतला पॅड निम्म्याहून जास्त झिजला होता, बाहेरचा जवळजवळ नवा. वरची पिन हाताने सरकली. खालची हातोडीचा दांडा लावून बाहेर आली. तिच्या टोकाची रबरी नळी फुगून भोकात घट्ट बसली होती, तिच्यावर पिवळं, वाळलेलं ग्रीस, आणि फाटक्या रबरी टोपणातून शिरलेली काळी माती.

"हे ग्रीस कुणी भरलं?" भाच्याने विचारलं.

मागच्या वर्षी प्रवासात पॅड संपले होते, तेव्हा वाटेतल्या एका गॅरेजमध्ये बदलले होते. त्या मिस्त्रीने बेअरिंगला लावतात तेच साधं ग्रीस लावलं असणार. साधं ग्रीस पेट्रोलियमचं, आणि ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं. डिझेलने, पेट्रोलने धुतलं तरी हेच होतं. या पिनांना रबराला न खाणारं, ब्रेकसाठी बनवलेलं ग्रीस लागतं.

चाचा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीबी लई वर्सं डिझेलनंच धुतलं बेटा. ॲम्बॅसेडरचे ड्रम धुतले, ते चाललं. तेच हात इकडं वापरले." त्यांनी कोपऱ्यातला डिझेलचा ट्रे पायाने बाजूला सारला. मोठ्या वयाच्या कारागिराने पोराच्या वयाच्या माणसासमोर हे म्हणणं सोपं नसतं. मला त्यांच्याबद्दल आदर होताच, तो वाढला.

दोष सापडला, पण वाद संपला नव्हता. आता प्रश्न होता की किती बदलायचं.

"उजव्याचे पॅड, पिना, टोपणं," चाचा म्हणाले. "डावं चांगलं हाय, त्याला कशाला हात लावायचा?"

"पॅड दोन्हीकडचे. चाचा, इथे मी ऐकणार नाही. एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला वर्षभर तापलेले पॅड म्हणजे उद्या पुन्हा ओढ. आणि टायरही पुढची दोन्ही एका वयाची."

"आता माझं ऐक. गुरुजींना पगार हाय, ते घेतील. पण माझ्याकडं येतो त्यो सोयाबीन विकून आलेला असतो, भाव पडलेला असतो. त्याला म्हणलं दोन्हीकडचं टाक, तर त्यो म्हणतो राहू द्या, आणि काहीच न टाकता जातो. मग काय केलं मी? निदान एका बाजूचं केलं तर त्याचा ब्रेक कालच्यापेक्षा बरा होतो."

मला वाटतं या वादाला सोपं उत्तर नाही, आणि भाच्यानेही ते असल्याचा आव आणला नाही. तो म्हणाला, "पैसे नसतील तर डिस्क घासून घ्या, नवी नको. कॅलिपर नवा नको, रबराचं किट टाका, पिना साफ करा. होज पाइप हाताने दाबून, वाकवून बघा, भेगा नसतील तर राहू द्या. या सगळ्यात मी तुमच्या बाजूने आहे. पण पॅडची जोडी तोडू नका. तिथे वाचवलेले पैसे किती आणि द्यावं काय लागतं, ते सांगतो."

त्याने गॅरेजच्या भिंतीवर खडूने हिशोब मांडला. ताशी ६० वेगाची गाडी, कोरडा रस्ता, सगळे ब्रेक ठीक: पाय ब्रेकवर पडल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते. ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं, म्हणून ७० टक्के काम पुढची दोन चाकं करतात असं धरा, एकेकाकडे ३५. त्यातल्या एकाने निम्मं काम टाकलं तर एकूण ताकद साडेसतरा टक्क्यांनी घटते आणि थांबायला २४ मीटर लागतात.

"चार मीटर," चाचा म्हणाले. "एका गाडीएवढं."

"चार मीटर ऐकायला कमी वाटतात. पण चांगली गाडी जिथे उभी राहिली असती, त्या २० मीटरच्या रेषेवर ही गाडी अजून ताशी २५च्या आसपास वेगाने धावत असते. तिथे वासराच्या जागी पोरगं असलं तर?"

चाचांनी खडूच्या त्या २५च्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे पुसू नका," त्यांनी पोऱ्याला सांगितलं. "गिऱ्हाईक आलं की दाखवायचं."

चहा आला. मी सहज म्हणालो की एबीएसवाली गाडी घेतली असती तर हे झालंच नसतं. आपल्याकडे मोटारींच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या कितीतरी गाड्या आपल्या रस्त्यांवर अजून धावतात. भाचा होकार देणार असं मला वाटलं होतं. तो बोलायच्या आत चाचाच बोलले.

"एबीएस काय करतं? लॉक व्हायला लागलेलं चाक जरा सोडतं, पुन्हा धरतं. म्हंजे तुमचं डावं त्यानं सोडलं असतं. पट्टा पडला नसता. पण उजवं? त्याच्या पिनेला एबीएस जाऊन ग्रीस लावतं का? उजवं कमजोरच राहिलं असतं, आणि तुम्हाला कळलंच नसतं."

"अगदी बरोबर," भाचा म्हणाला. "स्टिअरिंगने ऐकलं असतं, आणि ते फार मोठं आहे, जीव वाचवणारं आहे. पण थांबायचं अंतर वाढलेलंच राहिलं असतं. एबीएस असलेल्या गाडीत हा दोष महिनोन्महिने लपून राहतो. तिथे हलक्या ब्रेकची ओढ हीच एकटी खबर असते."

संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचे पॅड बसले, चारही पिना साफ झाल्या, उजव्याच्या पिनेची रबरी नळी आणि टोपणं नवी आली. काम करताना भाच्याने एकदाच आवाज चढवला: पोऱ्याने सोडवलेला कॅलिपर होज पाइपवर लोंबकळत सोडला होता, आणि त्या वजनाने पाइप आतून फाटतो, बाहेरून काही दिसत नाही. चाचांनी तार आणून कॅलिपर स्प्रिंगला टांगला. ब्रेक ऑईल काळपट झालं होतं, तेही शेवटी बदललं. ते हवेतली ओल पितं, आणि नवं डॉट ३ ऑईल २०५ अंशांना उकळतं तेच ओल शोषलेलं १४० अंशांनाच. पुढची दोन टायरं दुसऱ्या दिवशी घेतली.

पाथरीच्या बाजूला पुन्हा गेलो. ३०चा वेग, पूर्ण ब्रेक. दोन पट्टे पडले, शेजारी शेजारी, आणि गाडीचं तोंड सरळ होतं.

वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी पंक्चर काढायला किंवा हवा भरायला गाडी थांबवाल, तेव्हा रिमच्या भोकातून पुढच्या दोन्ही डिस्कचं बाहेरचं अंग बघा. रात्रीच्या पावसाने आलेला गंज गाडी चालवून चार ब्रेक मारले की पुसला जातो. चालवून आल्यावरही एका बाजूला तांबडे पट्टे दिसत असतील आणि दुसरी बाजू चकचकीत असेल, तर गाडी लांबच्या रस्त्याला नेऊ नका. आधी मिस्त्रीकडे न्या, आणि त्याने चकचकीत बाजू खोलायला घेतली तर त्याला गंजलेली दाखवा.